गळ आणि गरी : खाडीतल्या जिताड्याचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत शिंगाळा, तांबोशी, बोय सगळे मागे पडले आणि जिताडाच पुढे आला. कोकणातले वाचक त्याला खजुरा म्हणतात, बंगाली शेजारी भेटकी म्हणतात, ऑस्ट्रेलियात तोच बारामुंडी. बहुतेक पत्रं वसईच्या खाडीवरून, म्हणजे उल्हास नदीच्या शेवटच्या पट्ट्यातून आली आहेत. पाणी रुंद, गढूळ आणि दिवसातून चारदा दिशा बदलणारं. सारख्या प्रश्नांना एकच उत्तर दिलं आहे.

प्रश्न : चार रविवार ओळीने घोडबंदरच्या बाजूला गेलो. दर वेळी भरती-ओहोटीचा तक्ता बघून, खाडी काठोकाठ भरलेली असतानाच गळ टाकला. एक झटकाही नाही. आमिष बदलू का?
— भाईंदर (पश्चिम)

उत्तर : आमिष राहू द्या, वेळ बदला. खाडी तुडुंब भरते तेव्हा पाणी तिवरांत शिरलेलं असतं. बोय आणि कोळंबी मुळांच्या जाळीत पसरतात आणि जिताडा त्यांच्यामागोमाग आत जातो. तुमचा गळ मात्र बाहेर मोकळ्या पाण्यात. ओहोटी लागली की हे सगळं उलटं होतं. तिवरांतलं पाणी चरांतून बाहेर यायला लागतं, त्याबरोबर बारकी बोय बाहेर ढकलली जाते आणि चराच्या तोंडाशी जिताडा प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो. तो पाठलाग करणारा मासा नाही, दबा धरणारा आहे. समोरून खाणं वाहत येईल अशी जागा त्याला लागते, आणि तशी जागा पाणी वाहत असतानाच तयार होते.

रविवारचंही गणित आहे. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणजे आठवड्यात जवळजवळ सहा तास. या रविवारी सकाळी सातला भरती असेल तर पुढच्या रविवारी सातला ओहोटीचा तळ असतो. म्हणून वार धरू नका, तिथी धरा. जुना हिशेब अजून चालतो : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. षष्ठीला सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे पहाटे साडेचारच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्यानंतर सव्वासहा तासांनी, पावणेअकराच्या आसपास ओहोटीचा शेवट. म्हणजे उजाडताना पाणी उतरतंय, तेही उन्हं चढण्याआधी. जिताड्यासाठी यापेक्षा सोयीची सकाळ नाही. हिशेबात पाऊण-एक तासाची चूक राहू शकते. नक्की वेळ तक्त्यातून घ्या.

तक्त्यातली नुसती वेळ वाचून उठू नका, आकडेही वाचा. मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, ओहोट्याही नसतात. भरती ४.० मीटर आणि तिच्यानंतरची ओहोटी १.० मीटर, तर पाणी तीन मीटर उतरणार. हा फरक महत्त्वाचा. काठावरून गळ टाकणाऱ्याला दोन ते तीन मीटरचा फरक बरा पडतो. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या पुढेमागे, तो चार मीटरच्या वर गेला की चिखल ढवळून पाणी चहासारखं होतं आणि शंभर ग्रॅमचं शिसंही तळाला राहत नाही. उलट भांगाच्या, म्हणजे सगळ्यात कमी भरती-ओहोटीच्या, ऐन दिवसांत, अष्टमी-नवमीच्या पुढेमागे, पाणी इतकं मरगळतं की चरांतून काही बाहेरच येत नाही. दोन्हींच्या मधले दिवस घ्या : उधाण ओसरताना पंचमी ते सप्तमी, किंवा चढत जाताना एकादशी ते त्रयोदशी.

त्या सहा तासांतही पाणी एका वेगाने उतरत नाही. एकूण फरकाचे बारा भाग केले तर तासागणिक साधारण एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असे भाग उतरतात. फरक ३.६ मीटर असेल तर पहिल्या तासात ३० सेंटिमीटर, दुसऱ्यात ६०, तिसऱ्या-चौथ्यात ९०-९०, मग ६० आणि ३०. मधल्या दोन तासांत प्रवाह सगळ्यात जोरात, तेव्हा चहा घ्या. दुसरा तास आणि पाचवा तास, हे तुमचे. नव्या भरतीचा पहिला तासही सोडू नका.

आणखी एक. छापील तक्ता अपोलो बंदराचा असतो. खाडीत जितकं आत जाल तितकं पाणी उशिरा वळतं. एका जागी दोन-तीनदा गवताची काडी पाण्यावर टाकून ती कधी थांबते आणि कधी उलटी फिरते ते लिहून ठेवा. तो फरक पुढच्या प्रत्येक वेळी तक्त्यात मिळवायचा.

प्रश्न : एवढ्या रुंद खाडीत नेमका कुठे टाकायचा? मित्र म्हणतो, पुलाच्या खांबाच्या मागे शांत पाणी असतं, मासा तिथेच.
— नायगाव

उत्तर : मित्राचं अर्धं बरोबर. खांबाच्या मागे पाणी शांत दिसतं, पण तिथे भोवरे फिरत असतात आणि आमिष कधी इकडे कधी तिकडे भरकटतं. जिताडा बहुधा दुसऱ्या दोन ठिकाणी असतो. एक, खांबाच्या पुढच्या अंगाला. तिथे पाणी खांबावर आपटून मागे रेटलं जातं आणि हातभर जाडीची संथ उशी तयार होते. दुसरं, दोन्ही कडांना, जिथे पळतं पाणी आणि थांबलेलं पाणी यांची रेघ पृष्ठभागावरही दिसते. फेस, पानं, थर्माकोलचे तुकडे याच रेघेवर जमून वाहतात. म्हणून गळ प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाका आणि आमिष रेघेवरून वाहत खाली येऊ द्या. खाडीतलं खाणं प्रवाहाविरुद्ध पोहत येत नाही. तसं ओढलंत तर मासा बघतो आणि सोडून देतो.

रात्री पुलावर दिवे असतील तर उजेड आणि सावली यांची सीमा बघा. बारके मासे उजेडात, जिताडा सावलीत, नजर उजेडाकडे. आमिष उजेडातून सावलीत न्यायचं.

काठावरून जाणाऱ्यांना पुलापेक्षा तिवरांतून येणारे चर आणि खारभूमीच्या बांधाच्या उघाड्या बऱ्या. उघाडीचं दार ओहोटीला उघडतं आणि आतलं गोडसर पाणी धारेने बाहेर पडतं. पावसाच्या पहिल्या सरींनंतर आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये या जागा विशेष. थंडीत पाणी गार पडलं की जिताडा सुस्तावतो. तेव्हा दुपारी, उन्हाने उथळ चिखल तापल्यावर, तिथल्या कडा बघा आणि आमिष नेहमीच्या निम्म्या वेगाने फिरवा.

या खाडीत रेती उपशाचे खड्डे आहेत. गेल्या वर्षी कमरेएवढं असलेलं पाणी यंदा दोन पुरुष असू शकतं. पाण्यात उतरण्याआधी दोरीला शिसं बांधून, मीटरमीटरला गाठ मारून खोली मोजा. याच खड्ड्यांच्या कडांवर मासा थांबतो, तेव्हा ही मेहनत दोन्हीकडून कामाला येते. डोलीचे खुंट दिसले तर लांब राहा. तिथे जाळं आहे आणि ते कोणाचं तरी पोट आहे.

प्रश्न : मासा लागतो, दोन झटके बसतात आणि तंगूस तुटतं. हे तीन वेळा झालं. ३० पौंडी ब्रेड (विणलेला दोरा) आहे, तरी का तुटतं? अजून जाड घेऊ?
— ठाणे

उत्तर : आधी तुटलेलं टोक डोळ्यांजवळ धरून बघा. फेकू नका, सगळं उत्तर त्यात आहे.

टोक पिंजलेलं, शेवटची दोन-तीन बोटं खरखरीत : जिताड्याच्या तोंडात सुळे नसतात, बारीक दातांचे पट्टे असतात, पॉलिश पेपरसारखे. मासा दोन मिनिटं डोकं हलवत राहिला की लीडर, म्हणजे गरीजवळचा शेवटचा दोरा, घासून बारीक होतो. कालवं लागलेल्या खांबाला घासलं तरी असंच दिसतं, फक्त खरखर वर बरीच लांब जाते.

टोक सुरीने कापल्यासारखं : कल्ल्याच्या झाकणाची कड. जिताड्याच्या गालामागे एक करवती हाड आणि त्याखाली काटा असतो. मासा वळला आणि ताणलेला दोरा त्यावरून गेला की संपलं. मासा हाताळतानाही बोट इथे घालू नका. चीर पडते ती खोल असते.

टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं : इथे काहीच तुटलेलं नाही, गाठ सुटली. दोष माशाचा नाही.

पहिल्या दोन्हींना इलाज लीडर. ब्रेड ताणाला दणकट पण घर्षणाला कच्चा, त्यामुळे ४० पौंडी घेऊन फरक पडणार नाही, उलट प्रवाहात तो जास्त ओढला जाईल. ३० पौंडीच ठेवा आणि पुढे ६० पौंडी मोनो (एकपदरी नायलॉन) किंवा फ्लुरोकार्बनचा लीडर लावा, साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा, हाताची वाव भरेल एवढा लांब. प्रत्येक माशानंतर शेवटची वीतभर लांबी नखांतून ओढून बघा. खरखर लागली तर तेवढी कापून नवी गाठ. लीडर दीड हातावर आला की बदलायचा. जोडाला एफजी गाठ सगळ्यात सडपातळ, रॉडच्या कड्यांतून अडकत नाही. ती जमत नसेल तर डबल युनी घाला, ब्रेडच्या बाजूला आठ वेढे आणि मोनोच्या बाजूला चार. आवळण्याआधी थुंकी लावून ओली करा, कोरडी आवळली तर उष्णतेने मोनो तिथेच कमजोर होतो. गाठ घरी बांधून या. चिखलात उभं राहून, डास चावत असताना बांधलेली गाठ बहुधा तिसऱ्या प्रकारचं टोक देते.

मग ड्रॅग, म्हणजे किती ताणाला रिळातून दोरा सुटेल ते ठरवणारी टोपी. अंदाजाने पिरगाळू नका. भाजीवाल्याकडे असतो तसला हुकचा काटा घ्या, दोऱ्याला अडकवा, रॉड ४५ अंशांत धरून ओढायला सांगा. ३० पौंड म्हणजे साडेतेरा किलो. त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे साडेतीन किलोच्या आसपास दोरा सुटायला हवा. खांबाजवळ असाल तर साडेचारपर्यंत न्या, त्यापुढे नको. तुमच्या पत्रातल्या 'दोन झटक्यां'वरून वाटतं की ड्रॅग पूर्ण आवळलेला असावा. पहिल्याच धावेत माशाने दोरा मागितला आणि तुम्ही दिला नाहीत.

प्रश्न : जिवंत बोय लावावी की प्लॅस्टिकचा मासा? आणि बोय अर्ध्या तासात मरते, तिचं काय?
— विरार

उत्तर : गढूळ पाण्यात आणि रात्री जिवंत आमिष, स्वच्छ पाण्यात आणि चालत फिरायचं असेल तर नकली. बोय १० ते १५ सेंटिमीटरची, पाठीच्या परामागे कातडीतून ५/० किंवा ६/० मापाची सर्कल (टोक आत वळलेली) गरी, कण्याला धक्का न लावता. कोळंबी असेल तर डोक्यावरच्या काट्याखालून, आत दिसणारा काळा ठिपका टाळून. तो ठिपका फुटला की कोळंबी गेली. सर्कल गरीला झटका मारायचा नाही. दोरा जड झाला की नुसतं रीळ फिरवत जा, गरी स्वतः जबड्याच्या कोपऱ्यात बसते. इतर गळाची सवय असलेल्यांचा हात इथे हमखास आधी उठतो.

बोय मरते ती गर्दीने आणि गरम पाण्याने. २० लिटरच्या बादलीत सहा-सातच ठेवा, बॅटरीचा एअर पंप लावा, झाकण ओल्या गोणपाटाचं आणि दर वीस मिनिटांनी निम्मं पाणी त्याच खाडीचं बदला. घरून नळाचं पाणी आणू नका, त्यातल्या क्लोरीनने कल्ले जळतात.

नकलीत चार-पाच इंची पॅडल शेपटीचा मऊ मासा आणि १५ ते ३० ग्रॅमचा जिगहेड, म्हणजे शिशाचं डोकं असलेली गरी. प्रवाह जेमतेम तळ लागू देईल एवढंच वजन. विकत मिळणाऱ्या कडक माशांच्या तीनतोंडी गऱ्या बऱ्याचदा हलक्या असतात, मोठा जिताडा त्या सरळ करतो. जाड बसवा, पण जुन्या गऱ्या वजन करून त्याच वजनाच्या, नाहीतर तरंगणारा मासा बुडायला लागतो.

प्रश्न : मासा उडी मारतो आणि गळ थुंकून टाकतो.
— नालासोपारा

उत्तर : उडीच्या आधी दोरा वर चढायला लागतो, ते दिसलं की रॉडचं टोक पाण्याकडे खाली न्या आणि आडवा ताण ठेवा. ढिला सोडू नका, वरही ओढू नका.

प्रश्न : उल्हास खाडीतला जिताडा खावा का? आणि मोठा मिळाला तर सोडा असं का सांगतात? इतक्या कष्टाने मिळालेला मासा सोडायचा म्हणजे घरी काय तोंड दाखवू?
— कल्याण

उत्तर : उल्हासला अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवलीचं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी मिळतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पोट कापल्यावर रॉकेल किंवा औषधासारखा वास आला तर मासा टाकून द्या, हळद-चिंच लावून तो जात नाही. जड धातूंना वास नसतो आणि शिजवून ते कमीही होत नाहीत. दुसऱ्या माशांवर जगणाऱ्या मोठ्या, वयस्क माशात ते जास्त साठतात. एक-दीड किलोचा, खाडीच्या मुखाकडचा जिताडा कधीतरी खायला हरकत नाही. आतल्या पट्ट्यातला मोठा मासा गरोदर बाई आणि लहान मुलांच्या ताटात नको.

सोडण्याचं कारण वेगळं. जिताडा आधी नर म्हणून वयात येतो आणि काही वर्षांनी मादी होतो. ८० सेंटिमीटरच्या पुढचे, सहा-सात किलोंच्या वरचे बहुतेक मासे मादीच असतात. पावसाळ्याच्या तोंडावर त्या खाऱ्या पाण्याकडे, खाडीच्या मुखाशी अंडी सोडायला उतरतात. अशा दहा माद्या गेल्या तर त्यांच्या जागी लगेच दुसऱ्या उभ्या राहत नाहीत, कारण प्रत्येकीला आधी नराचं आयुष्य काढावं लागतं.

सोडायचा तर नीट. हात ओले करा, गरी पक्कडीने पाण्यातच काढा, जबड्याला लटकवून फोटो नको. एवढ्या वजनाने कणा आणि जबडा दोन्ही दुखावतात. एक हात पोटाखाली घाला. स्वतःचा श्वास रोखा, तुम्हाला घ्यावासा वाटला की मासा पाण्यात. वाहत्या पाण्याकडे तोंड करून धरा, शेपटी स्वतः मारेपर्यंत. घरच्यांसाठी मधल्या आकाराचा एक ठेवा. पेण-अलिबागकडे नातेवाईक असतील तर तळ्यातला जिताडा मागवा. खाडीची पिल्लं पावसात आणून गावतळ्यात वाढवायची तिकडची पद्धत जुनी आहे आणि तळ्यातला चवदार की खाडीतला, हा वाद इथे उकरून काढत नाही.

प्रश्न : कुठे गळ टाकायला मनाई आहे? पावसाळ्यातली बंदी आम्हालाही लागू का?
— मुलुंड

उत्तर : जून-जुलैची बंदी यांत्रिक नौकांची आहे. पण भाड्याच्या इंजिनवाल्या होडीतून जाणार असाल तर होडी बंदीत येते, तुम्ही रॉड घेऊन बसलात म्हणून सुटत नाही. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग २०१५ पासून संरक्षित आहे, तिथे परवानगीशिवाय शिरू नका. रेल्वे पुलावर चढणं हा गुन्हाच, आणि जुना बंद पूल सुरक्षित असतो हा गैरसमज. रॉड टेकवायला तिवराची फांदी तोडू नका, लोखंडी कांब घरून न्या.

प्रश्न : ओहोटीला चिखलात गुडघाभर रुतलो, गमबूट तिथेच राहिला. वर शिंगाळ्याचा काटा बसला. काय करायला हवं होतं?
— वसई

उत्तर : गमबूट नकोच. चिखल तो चोखल्यासारखा धरून ठेवतो. घट्ट नाडीचे जुने कॅनव्हास बूट घाला. रुतलात तर दुसरा पाय रोवून जोर लावू नका, तोही जाईल. मागे टेकून बसा, वजन पसरू द्या, रुतलेला पाय गोल हलवत पाण्याला आत जागा द्या आणि हळू बाहेर घ्या. एकट्याने जाऊ नका. ओहोटीचा तळ गाठायच्या आधीच परतीची वाट धरा, भरती मागच्या चरातून आधी शिरते आणि तुम्ही बेटावर राहता.

शिंगाळ्याचे काटे तीन : एक पाठीवर, दोन बाजूंना. बसलाच तर सोसेल तेवढ्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आत, अर्धा ते दीड तास तो भाग बुडवून ठेवा. पाणी आधी दुसऱ्या हाताने तपासा, दुखऱ्या हाताला अंदाज येत नाही. काट्याचा तुकडा आत राहिला, सूज चढत गेली किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि धनुर्वाताची सुई. कालवाने कापलं तरी साबण आणि स्वच्छ पाण्याने लगेच धुवा. खाडीच्या पाण्यातली साधी चीरही चिघळते.

प्रश्न : रीळ तीन महिन्यांत घरघरायला लागलं. दर वेळी नळाखाली जोरात धुतो.
— दहिसर

उत्तर : त्या जोरानेच बिघडलं. जोराची धार मीठ आणि बारीक चिखल बेअरिंगपर्यंत नेते. धुण्याआधी ड्रॅगची टोपी पूर्ण आवळा, रीळ सरळ धरा, वरून मगने हलकं पाणी ओता, फडक्याने पुसा आणि सावलीत वाळवा. वाळल्यावर हँडलच्या सांध्यात आणि लाइन रोलरवर तेलाचा एकेक थेंब. मग ड्रॅग सैल सोडून ठेवा, नाहीतर आतल्या चकत्या दबून राहतात आणि पुढच्या माशाला दोरा झटक्या-झटक्याने सुटतो. घरघर आधीच सुरू झाली असेल तर तेल ओतून ती दबेल, जाणार नाही. रीळ उघडून बेअरिंग बदलून घ्या.